व्हर्नाच्या बाहीतला पेंढा

बेकर्स फोर्डमध्ये लहानाचं मोठं झालेलं असं माणूस शोधून सापडायचं नाही, ज्याच्या मनगटावर व्हर्ना हालुस्काची बोटं एकदा तरी उमटली नाहीत. ओहायोतलं नदीकाठचं गाव, कपबश्यांचा कारखाना बंद पडल्यापासून निम्मं ओस पडलेलं, पण हॅलोविनची हौस मात्र तसूभर कमी झालेली नाही. त्या संध्याकाळी सहाला बंबखान्याचा भोंगा वाजतो आणि पोरं सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतात. आठला पुन्हा वाजला की खेळ खलास. ज्याच्या ओसरीवर दिवा त्याच्या दारात जायचं, ज्याचा दिवा बंद त्याच्या पायरीला पाय लावायचा नाही. आमच्याकडे लेकरं चालायला शिकतात तेव्हाच हेही शिकतात.

व्हर्नाच्या ओसरीवर दिवा लख्ख असायचा. त्याखाली आरामखुर्चीत एक बुजगावणं बसलेलं. तिच्या नवऱ्याचा चौकडीचा सदरा, वर त्याची कारखान्यातली डांगरी, डोक्यावर गोणपाटाची पिशवी, तिला डोळ्यांपुरती दोन भोकं, आणि गळ्यातून, बाह्यांतून बाहेर आलेला पेंढा. मांडीवर चॉकलेटांनी भरलेलं पत्र्याचं घमेलं, त्यात खोचलेला पुठ्ठा: एकच घे. पोर बिचकत बिचकत पायऱ्या चढायचं. मागून बाप म्हणायचा, जा की रे, बुजगावणंच तर आहे. पोरानं घमेल्यात हात घातला की उजवी बाही सटकन उठायची, मनगट धरायची, आणि पिशवीतून घोगरा आवाज यायचा, "एकच म्हटलं होतं."

मग काय विचारता! पोरांची बोबडी वळायची, कुणाची चड्डी ओली व्हायची, कुणी पायऱ्यांवरून गडगडत खाली यायचं. आणि खाली फुटपाथवर आईबाप पोट धरधरून हसायचे, फोन उंच धरून सगळं टिपायचे. हे आईबाप म्हणजे एकेकाळी व्हर्नाच्याच तावडीतून सुटून पळालेली पोरं. आपण जे सोसलं ते आपल्या लेकराच्या वाट्याला यायलाच हवं, अशी आमच्या गावाची न्यायबुद्धी. तान्ह्यांनासुद्धा सोडत नसत. भोपळ्याच्या नाहीतर उंदराच्या सोंगातलं बाळ तिच्या मांडीवर ठेवायचं, चार पावलं मागं सरायचं, आणि व्हर्नानं भॉक करायचं. बाळाचा चेहरा आधी कोरा व्हायचा, मग चुरगळायचा, आणि मग ते जे टाहो फोडायचं, ते वर्षभर आल्यागेल्याला दाखवायला व्हायचं.

व्हर्ना काही मुलांच्या जिवावर उठलेली बाई नव्हती. उभा जन्म तिनं शाळेची बस चालवली, कडाक्याच्या बर्फातसुद्धा एका पोराला ओरखडा येऊ दिला नाही. पण माया करायची कशी हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. बसमध्ये ती आरशातून नुसती बघायची आणि मागच्या बाकापर्यंत सगळी चिडीचूप. लग्नानंतरच्या पहिल्या हॅलोविनला ती खुर्चीत अशीच दमून बसली होती, अंगावर नवऱ्याचे कपडे. एका पोराला ती बाहुलीच वाटली. त्यानं मूठभर गोळ्या उचलल्या, आणि ही बोलली. पोरगा जागेवर मुतला. नवरा मिलो खिडकीतून बघत होता, तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आपल्याला बघून कुणी इतकं हसतं, हे व्हर्नाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिथून तिनं ते धरलं ते सोडलंच नाही.

त्यातली तिची कारागिरी बघण्यासारखी होती. दोन्ही हात बाह्यांत असले की माणूस ओळखू येतो, हे तिनं लवकर ताडलं. म्हणून डाव्या बाहीत नुसता पेंढा. बाहीच्या टोकाला पेंढा भरलेला हातमोजा, तो खुर्चीच्या हाताला सुतळीनं बांधलेला. तिचा खरा डावा हात सदऱ्याच्या आत, पोटाशी दुमडलेला, वरून डांगरीची बटणं लावलेली. पोरं डावीकडून बाही दाबून बघायची, पेंढा लागला की निर्धास्त व्हायची, आणि मग उजवी बाही आपलं काम करायची. बटणं तिला स्वतःला काढता यायची नाहीत, आत अडकलेल्या हातानं तर मुळीच नाही. खेळ आटोपला की मिलो येऊन काढायचा. मिलो गेल्यावर ती उजव्या हातानं कशीबशी काढायला शिकली.

तिची एकुलती एक मुलगी जनेल. नदीपलीकडच्या गावात तिचा संसार. गेल्या वर्षी जनेलचा मुलगा एमेट दोन वर्षांचा होता, कोंबडीच्या पिल्लाचं सोंग, पिवळी पिसं. जनेलनं आधी चारदा बजावलं होतं की आई, त्याला नको. व्हर्ना दर वेळी हो म्हणाली. आणि त्याचा इवलासा हात घमेल्यात गेल्यावर तिच्यानं राहवलं नाही. अख्ख्या गल्लीदेखत आपल्या सख्ख्या नातवाला सोडलं तर लोक काय म्हणतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं म्हणे.

एमेट ओरडला नाही. त्याचा श्वासच अडकला, ओठ निळे पडले. जनेलनं त्याला उलटा धरून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा कुठे आवाज फुटला. त्यानंतर कितीतरी आठवडे तो बोलेना. रोज अंथरूण ओलं. आजीच्या गल्लीत गाडी वळली की किंचाळायला लागायचा. जनेलनं आईला एवढंच सांगितलं की आता पुरे. नाताळ गेला, ईस्टर गेला. वसंतात जनेलला मुलगी झाली, रेन. आजीनं ती फोनवर पाहिली, तीही डोळे मिटलेली. व्हर्ना दुकानात भेटेल त्याला सांगायची की पोरीचा स्वभाव तिरसट आहे, बापावर गेलीय. घरी येऊन मात्र फोनमधला तो फोटो मोठा करून बघत बसायची. अरे, हात पुढे करून एक वाक्य बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. चुकलं हा शब्द त्या बाईच्या तोंडात कधी बसलाच नाही.

या वर्षी सप्टेंबर सरता सरता जनेलचा फोन आला. एमेटच्या बालवाडीच्या बाईंनी तिला उपाय सांगितला होता. मुलाला ज्याची भीती आहे त्याला हात लावू द्या, उसवून आत काय आहे ते बघू द्या, खोटं आहे हे त्याचं त्याला कळू द्या. जनेलनं त्याच्या जुन्या झबल्यात पेंढा भरून एक छोटं बुजगावणं केलं होतं. रोज संध्याकाळी एमेट त्याच्या बाहीतून पेंढा उपसायचा, त्याला गुद्दे घालायचा आणि म्हणायचा, खोटं-खोटं. आता एकच काम उरलं होतं, मोठं बुजगावणं. जनेल म्हणाली, तू तुझ्या खुर्चीत पेंढ्याचं खरं बुजगावणं बसव आणि स्वतः घरात थांब. आम्ही येऊ, तो हात लावेल, आम्ही जाऊ. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू आमच्याकडे जेवायला ये, तेव्हा त्याला नुसती आजी भेटेल.

व्हर्ना म्हणाली, "मीच बसते. बाळाला मांडीवर दे माझ्या, एकदा."

जनेल नको म्हणाली. व्हर्नानं पुन्हा तेच म्हटलं, आणि या खेपेला तिच्या आवाजात हट्ट नव्हता, विनवणी होती. शेवटी जनेलनं मान्य केलं, पण अटी घातल्या. हलायचं नाही. ब्र काढायचा नाही. आम्ही गेल्यावरसुद्धा गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत उठायचं नाही, कारण त्यानं मागं वळून पाहिलं आणि बुजगावणं उठलेलं दिसलं तर वर्षाची मेहनत मातीत. "बोट जरी हललं ना आई, तर रेनचं तोंड तुला दिसायचं नाही," जनेल म्हणाली. व्हर्नानं शब्द दिला. आयुष्यात पहिल्यांदा तो पाळायचा असं ठरवून दिला.

हॅलोविनच्या दिवशी तिनं ताजा पेंढा आणला, डावी बाही गच्च भरली. शेजारच्या ग्लेंडानं येऊन बटणं लावून दिली, पिशवी चढवली. ग्लेंडा म्हणजे व्हर्नाची चाळीस वर्षांची शेजारीण आणि चाळीस वर्षांची वैरीण. व्हर्नानं तिला जनेलचा बेत सांगितला नाही. आपल्याला पोरीच्या अटींवर बसावं लागतंय हे ग्लेंडाला कळलं असतं तर गावभर झालं असतं.

भोंगा वाजला. पोरं आली. व्हर्ना हलली नाही. एमेट यायच्या वेळेला रस्त्यावर रडारड नको, म्हणून तिनं सगळ्यांनाच सोडायचं ठरवलं होतं. पोरं हात घालायची, वाट बघायची, काही होत नाही म्हटल्यावर हिरमुसून उतरायची. आईबाप खालून म्हणायचे, थांबा रे, म्हातारी डाव राखून ठेवतेय. ग्लेंडा आपल्या ओसरीवर सफरचंदाचा गरम रस पीत बसली होती, तिथून ओरडली की व्हर्ना, वय झालं गं तुझं. व्हर्नाला पिशवीच्या आत हसू आलं. उद्या रेनचा फोटो हिच्या नाकासमोर नाचवीन, असं तिनं मनाशी म्हटलं.

आणि मग तिच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. गारठा असेल असं तिला वाटलं. मूठ वळायला गेली तर मूठ वळेना. हात घमेल्याच्या कडेवर दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडला होता. जीभ तोंडात जड झाली, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळून गोणपाटात शिरली. उजवा पाय हलवायला गेली, तर पाय आहे की नाही तेच कळेना. मिलोच्या आईला अर्धांगवायू झाला होता, तिचं व्हर्नानं केलं होतं. तेव्हा हे काय आहे ते तिला बरोबर समजलं. ती घाबरली. कुणी म्हणेल व्हर्ना आणि घाबरली? पण तिची पाचावर धारण बसली होती.

समुद्री चाच्याच्या सोंगातला एक मोठा मुलगा वर आला. तिनं सगळा जीव उजव्या हातात आणला. त्याचं मनगट धरायचं होतं, भिववायला नाही, धरून ठेवायला. हात ढिम्म हलला नाही. मुलानं एक चॉकलेट घेतलं, थांबला, दुसरं घेतलं, मग ओरडून सोबत्यांना सांगितलं की आज ही पकडतच नाही. तिघं-चौघं धावत आले आणि ओंजळी भरभरून घमेलं रिकामं केलं. जाता जाता एकानं आपली तलवार तिच्या बरगडीत खुपसून बघितली. ती "घे" म्हणायला गेली, का "थांब", तिचं तिलाच कळलं नाही, तोंडातून नुसता घर्र असा आवाज आला. पोरं टाळ्या पिटत पळाली. खाली कुणीतरी म्हणालं, यंदा आवाज काय झकास काढलाय.

डावी बाजू शाबूत होती. पण डावा हात सदऱ्याच्या आत पोटाशी, वरून बटणं. राहता राहिला डावा पाय. तो हलत होता. तिनं टाच फळीवर आपटायला उचलली, आणि तेवढ्यात फाटकापाशी जनेलची गाडी थांबली.

एमेट बंबवाल्याच्या सोंगात होता. लाल टोप, अंगाला मोठा होणारा डगला, हातात प्लॅस्टिकची कुऱ्हाड. जनेलच्या कडेवर रेन, केशरी भोपळा, वर हिरव्या देठाची टोपी. एमेट पहिल्या पायरीवर अडला. जनेलनं घाई केली नाही, ओढलं नाही, बाईंनी सांगितलं होतं तसं त्याच्याशेजारी खाली बसली आणि म्हणाली, आधी मी जाते, तू बघ. वर येऊन तिनं डाव्या बाहीतून पेंढ्याचा झुबका उपसला आणि त्याला दाखवला. एमेट एक पायरी चढला. दोन पायऱ्या चढला. व्हर्ना भोकांतून बघत होती. वर्षानं ते पोर तिच्याकडे येत होतं.

आता पाय आपटला असता तर? आपटला असता तर जनेलला कळलंही असतं कदाचित. पण एमेट पुन्हा निळा पडला असता हे नक्की, आणि तेवढ्यात जनेलनं घमेलं बाजूला काढून रेनला तिच्या मांडीवर ठेवलं. ऊबदार, ओलसर, दुधाचा वास. व्हर्नाचा एक हात मेलेला, एक बांधलेला. बाळाला धरायला काही नव्हतं, पाय हलला असता तर ते खाली पडलं असतं. ती निश्चल बसली. मनात म्हणाली, यांना जाऊ दे, मग पाय आपटते, ग्लेंडा आहेच शेजारी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते गोणपाटात जिरत होतं.

जनेलनं तीन-चार फोटो काढले. एमेट आता अगदी जवळ आला होता. त्यानं टोप मागं सारून भोकांत बघितलं.

"आजी रडते," तो म्हणाला.

"आजी नाही रे बाळा ती. बुजगावणं आहे. आजी आत घरात झोपलीय."

"आजी आहे. रडते."

आत पोटाशी व्हर्नाचा डावा हात धडपडला, बोटं बटणांवर आपटली. डांगरी पुढून हलली. एमेट मागं सरला, त्याचा ओठ थरथरायला लागला. जनेल झटकन पुढं झाली, बाळाला उचलून कडेवर घेता घेता पिशवीजवळ तोंड नेऊन दातओठ खाऊन म्हणाली, "हलू नकोस, आई. शब्द दिलायस."

व्हर्नानं हात थांबवला.

जनेलनं एमेटला सांगितलं की वाऱ्यानं हललं ते. पेंढा आहे नुसता. मार बघू त्याला, काही होतं का बघ. एमेटनं कुऱ्हाडीचा एक हलका फटका गुडघ्यावर मारला आणि डोळे मिटले. काही झालं नाही. त्यानं दुसरा मारला, खांद्यावर. मग छातीवर. मग त्याला चेव आला. त्यानं डोक्यावर दणके घातले, नडगीवर बुटांनी लाथा घातल्या, दर फटक्याला खोटं-खोटं, खोटं-खोटं म्हणत. उजवीकडच्या लाथा तिला कळल्या नाहीत. डावीकडच्या सगळ्या कळल्या. खाली थांबलेल्या लोकांना गेल्या वर्षीची हकिगत ठाऊक होती, त्यांनी शाबास रे पठ्ठ्या म्हणून टाळ्या वाजवल्या. ग्लेंडानंही आपल्या ओसरीवरून वाजवल्या. जनेल रेनला कडेवर सावरत, एका हातानं फोन धरून हसत होती आणि मधूनच खांद्याला डोळे पुसत होती. तिचा मुलगा बरा झाला होता.

निघताना तिनं एमेटला फाटकापाशी पाठवलं आणि स्वतः मागं थांबली. रिकामं घमेलं तिनं परत आईच्या मांडीवर ठेवलं. गोणपाटाला गाल टेकवून म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस. थँक्सगिव्हिंगला ये. आम्ही वळेपर्यंत अशीच बस, आणि मग आत जाऊन पड. आता कुणी येणार नाही तुला त्रास द्यायला." आणि तिनं ओसरीवरचा दिवा बंद केला.

गाडी कोपऱ्यावरून वळली. व्हर्नानं टाच आपटायला सुरुवात केली. धप. धप. रस्त्यावरून जाणारी पोरं थबकली. दिवा बंद, म्हणजे पायरी चढायची नाही. पण काळोख्या ओसरीवरून धप धप ऐकू येत होतं, आणि मधूनच घरघर. "म्हातारीनं आता सुरू केलं बघ," एक बाप आपल्या पोरीला म्हणाला, आणि भेदरलेल्या पोरीला कवटाळून हसत हसत पुढे गेला. मांडीवरचं घमेलं निसटून पायऱ्यांवरून खडखडत खाली गेलं, तेव्हा तर रस्त्यावर जोरात हशा पिकला. ग्लेंडानं शेजारचा दिवा बंद झालेला पाहिला, व्हर्ना आत गेली असं धरलं, आपलाही दिवा मालवला आणि टीव्ही लावला. आठचा भोंगा झाला. रस्ता रिकामा झाला तरी टाच आपटत राहिली, मग मध्येच थांबायला लागली.

सकाळी ग्लेंडानं खुर्चीतलं बुजगावणं पाहिलं आणि तिला वाटलं, आता खरंच पेंढ्याचं बसवलेलं दिसतंय. आदल्या दिवशी आत व्हर्नाच होती हे तिला ठाऊक होतं, बटणं तिनंच लावली होती. पण रात्री त्याच जागी दुसरं बसवून ठेवायचा खोडसाळपणा व्हर्नाला शोभण्यासारखा होता, आणि आपल्याला फसवायलाच हे केलंय असं मानून ती मुद्दाम तिकडे फिरकली नाही. दुपारी जनेलचा फोन आला, आई उचलत नाहीये, जरा बघशील का. ग्लेंडा खिडकीतूनच म्हणाली की दार बंद दिसतंय, ओसरीवर तेवढं बुजगावणं बसलंय.

जनेल म्हणाली, "ग्लेंडामावशी, ते बुजगावणं नाहीये."

व्हर्ना मेली नाही. डॉक्टर म्हणाले, अंगाभोवतीच्या पेंढ्यानं रात्रभर ऊब धरली म्हणून वाचली. हेही म्हणाले की पहिल्या तासा-दोन तासांत आणलं असतं तर बोलली असती, चाललीही असती. हे त्यांनी जनेलला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बाळाला मांडीवर घेतलेला फोटो जनेलनं त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, आणि सगळ्यांनी कौतुक केलं होतं. तो नंतर तिनं मोठा करून पाहिला. गोणपाटाच्या भोकांतले डोळे सरळ तिच्याकडे बघत होते. कोणत्याही फोटोत हनुवटीखालचा ओला डाग लपत नव्हता.

आता व्हर्ना नदीपलीकडे, जनेलच्या गावात टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. जनेल दर रविवारी येते, आईचे केस विंचरते, फार बोलत नाही. मुलांना आणत नाही. पण तिथं हॅलोविनच्या दुपारी बालवाडीच्या मुलांची मिरवणूक असते. म्हाताऱ्यांना ओळीनं चाकाच्या खुर्च्यांवर बसवतात, प्रत्येकाच्या मांडीवर चॉकलेटांचं भांडं देतात, आणि सोंगं घेतलेली मुलं एकेकाकडून एकेक घेत जातात. म्हाताऱ्यांना बरं वाटतं आणि मुलांची भीड चेपते, असं व्यवस्थापक बाई म्हणतात. पुढच्या हॅलोविनला त्या रांगेत एमेटही होता. या खेपेला अस्वल. जनेल रेनला घेऊन दाराशी उभी होती.

व्हर्नाची उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, पण डावा हात चांगला. परिचारिकेनं तो भांड्याच्या कडेवर ठेवला होता, मुलांना चॉकलेट हातात देता यावं म्हणून. अस्वलाची टोपी रांगेतून पुढे येताना दिसली, तसा व्हर्नानं तो हात उचलला, मांडीखाली सरकवला आणि वरून अंगाचा भार देऊन दाबून धरला.

एमेट तिच्यासमोर थांबला. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, न घाबरता. मग डावी बाही धरली, तिच्यात बोटं घातली, कोपरापर्यंत चाचपून पाहिलं. मग उजवी बाही चाचपली. व्हर्ना पापणीसुद्धा न लववता बसली होती.

"आई, हिचा पेंढा कुठे गेला?" त्यानं दाराकडे वळून विचारलं.

मागची मुलं ढकलायला लागली होती. एमेटनं भांड्यात हात घातला, एकच चॉकलेट घेतलं, आणि पुढच्या खुर्चीकडे गेला.